गेम प्रकाशक कुणाच्या पैशावर चालतो ते आधी बघा : एम्ब्रेसरची पडझड आणि आपल्या भागातली गेम करणारी पोरं

हिंदवाडीकर, बेळगाव

माझ्या ओळखीतली काही पोरं आता नुसती गेम खेळत नाहीत, बनवायलाही लागली आहेत. कुणी व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजातून बाहेर पडलेलं, कुणी पुण्यात नोकरी करून घरी परतलेलं. त्यांच्याशी बोलताना प्रकाशक, म्हणजे गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणारी कंपनी, गाठावा का, हा विषय हमखास निघतो. मग सगळी चर्चा तो किती पैसे देतो यावरच होते. माझा पेशा हिशेब तपासण्याचा. मला वाटतं, हे पैसे त्याच्याकडे येतात कुठून, ते त्याआधी विचारावं.

त्यासाठी एम्ब्रेसर ग्रुपची गोष्ट मुळातून वाचायला हवी. स्वीडनमधल्या कार्लस्टाडची ही कंपनी, संस्थापक लार्स विंगेफोर्स. २०१२ च्या अखेरीस टीएचक्यू ही अमेरिकेतली मोठी प्रकाशक कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी तिची मालमत्ता लिलावात निघाली तेव्हा विंगेफोर्सच्या नॉर्डिक गेम्सने ‘डार्कसायडर्स’, ‘रेड फॅक्शन’ आणि इतर बऱ्याच गेमांचे हक्क ४९ लाख डॉलरला उचलले. २०१४ मध्ये टीएचक्यू हे नावही विकत घेतलं. ज्या गेमचं नाव लोकांच्या लक्षात आहे पण ज्याचा मालक बुडालाय, त्याचे हक्क स्वस्तात घ्यायचे, जुना गेम नव्या यंत्रांवर चालेल असा करून पुन्हा विकायचा, त्या पैशातून पुढचा भाग काढायचा, असं एकंदर धोरण. खर्च आवाक्यातला आणि गेमांची यादी लांब. एक आपटला तर दुसरा सावरून घेतो. इथपर्यंत मला या धंद्यात काहीच खोट दिसत नाही.

२०१६ मध्ये कंपनी स्टॉकहोमच्या शेअर बाजारात आली. २०१८ मध्ये तिने ‘मेट्रो’ आणि ‘सेंट्स रो’वाली कोख मीडिया घेतली, त्याच वर्षी कॉफी स्टेन ही गेम कंपनी घेतली. २०१९ मध्ये एम्ब्रेसर हे नाव लागलं. मग कोविड आला. सगळं जग घरात बसून गेम खेळत होतं, व्याजदर तळाला होते, शेअर चढत होता. चढत्या शेअरचा एक गुण असा, की नवे शेअर काढून पैसा उभा करता येतो, नाहीतर कंपनी विकणाऱ्यालाच पैशाऐवजी शेअर देता येतात. कंपनी घेतली की एकूण विक्रीचा आकडा वाढतो, त्याने शेअर आणखी चढतो, त्या जोरावर पुढची कंपनी. २०२१ मध्ये गिअरबॉक्स ही गेम कंपनी. वर्षअखेरीस बोर्ड गेमवाली फ्रेंच कंपनी अस्मोदी, तीही २७५ कोटी युरोला. २०२२ मध्ये ‘टूम रेडर’वाली क्रिस्टल डायनॅमिक्स, आयडोस मॉन्ट्रियल आणि सोबतचा बाकी संसार ३० कोटी डॉलरला. स्टुडिओ १३० च्या वर गेले, माणसं पंधरा हजारांच्या वर.

आता हिशेबाच्या नजरेने बघा. घेतलेल्या स्टुडिओंचे गेम तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर पगार दर महिन्याला. २०२२ मध्ये व्याजदर चढले, शेअर उतरला, म्हणजे कर्ज आणि शेअर, पैशाचे दोन्ही नळ एकदम बंद झाले. सौदी सरकारी निधीच्या सॅव्ही गेम्सने त्या वर्षी १०० कोटी डॉलर घातले होते. त्यापुढचा आणखी २०० कोटींचा करार होणार या भरवशावर सगळं तरलं होतं. मे २०२३ मध्ये तो करार फिसकटला. शेअर एका दिवसात ४० टक्क्यांच्या आसपास कोसळला. जूनमध्ये काटछाटीची घोषणा झाली. ‘सेंट्स रो’ बनवणारा व्हॉलिशन स्टुडिओ १९९३ पासूनचा. तो ऑगस्टअखेर बंद केला. त्यांचा २०२२ चा गेम चालला नव्हता हे खरं. पण एक गेम न चालणं या धंद्यात नेहमीचं आहे, प्रकाशक असतो तो त्यासाठीच. मालकाच्या डोक्यावर कर्ज नसतं तर त्यांना आणखी एक संधी मिळाली असती, असं माझं मत आहे.

२०२४ मध्ये सेबर ही गेम कंपनी विकली गेली, गिअरबॉक्स टेक-टू या प्रकाशकाला ४६ कोटी डॉलरला गेली. बातम्यांत ‘१३० कोटींना घेतली, ४६ ला विकली’ असं छापून आलं, पण हिशेब तितका सरळ नाही. घेताना सुरुवातीचे ३६.३ कोटी होते. बाकीचे पुढची उद्दिष्टं गाठली तर द्यायचे होते, आणि सगळं धरून रक्कम जवळजवळ १३८ कोटींपर्यंत जाणार होती. अशा व्यवहारात डोळ्यांत भरणारा आकडा एक आणि प्रत्यक्ष हातात पडणारा दुसरा. प्रकाशकाशी करार करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. एप्रिल २०२४ मध्ये ग्रुपचे तीन भाग करायचं जाहीर झालं आणि अस्मोदीच्या नावावर ९० कोटी युरोचं कर्ज टाकलं गेलं.

धंद्यातल्या, गेममधल्या, सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा.

उद्यमबाग_फौंड्री

लेख आवडला. मी गेममधला नाही, कास्टिंगवाला आहे, म्हणून अडाण्यासारखं विचारतो. स्टीम नावाच्या ऑनलाईन दुकानात १०० डॉलर भरले की कुणीही गेम लावू शकतो, असं माझा भाचा सांगतो. मग मधला माणूस पाहिजे कशाला?

दुसरं, मालकी कुणाची? आमच्याकडे पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, पार्टीचं असेल तर आपण फक्त ओतून द्यायचं. भाव त्याचा, मुदत त्याची, उद्या त्याने पॅटर्न उचलून राजकोटला नेलं तर आपण हात चोळत बसायचं. पॅटर्न आपलं असलं की तीच पार्टी चहा पाजते. गेममध्येही असंच असणार, नाही काय?

वडगावचा_पुण्यात

होय मामा, अगदी असंच. हक्क म्हणजे गेमचं पॅटर्न.

मधला माणूस कशाला, ते सांगतो. स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नास म्हणा. दुकानात माल लावता येतो, पण तो कुणाला दिसतच नाही. चांगला प्रकाशक गेम येण्याच्या वर्षभर आधीपासून स्टीमवर पान उघडून लोकांना विशलिस्ट, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत टाकायला लावतो. स्टीमच्या नेक्स्ट फेस्टसारख्या उत्सवात डेमो कधी उतरवायचा, कोणत्या स्ट्रीमरला (खेळताना थेट दाखवणाऱ्याला) आधी द्यायचा, किंमत किती ठेवायची, पहिली सवलत केव्हा काढायची, हे त्याने शेकडो गेमांवर बघितलेलं असतं. शिवाय प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विचवर गेम न्यायचा तर प्रत्येकाची प्रमाणपत्राची परीक्षा असते. मी तेच काम करतो. सेव्ह होत असताना कंट्रोलरची बॅटरी काढली तर पडद्यावर काय दिसलं पाहिजे, इथपर्यंत नियम असतात. एकात नापास झालात की पुन्हा रांगेत. दोन-तीन जणांच्या टीमचे महिने त्यात जातात.

‘बालात्रो’ हा पत्त्यांचा गेम एकट्या माणसाने केला, प्रकाशक होता प्लेस्टॅक. फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि वर्षभरात ५० लाख प्रती खपल्या. गेम उत्तम होताच, पण पोकरसारखा दिसत असल्यामुळे काही देशांत वयोगटाच्या दाखल्याची भानगड झाली आणि तो काही दिवस दुकानांतून उतरला. ती भानगड निस्तरायला कुणीतरी लागतंच. एकट्या माणसाने कोड लिहायचा की ते करत बसायचं?

खानापूरची

धागा वेळेवर आला. आम्ही तिघं मिळून एक गेम करतोय. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत, तिथे रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक फार दुर्मीळ जात राहते. गेम त्याचाच. पडदा काळा असतो. तुम्ही आवाज सोडलात की गुहेची भिंत क्षणभर उजळते आणि परत विझते. पण तोच आवाज घुबडालाही ऐकू जातो. म्हणजे दिसण्यासाठी ओरडायचं की लपण्यासाठी आंधळं उडायचं, प्रत्येक वळणावर ठरवायचं.

एका परदेशी प्रकाशकाने डेमो बघून मसुदा पाठवलाय. पैसे टप्प्याटप्प्याने. घातलेले पैसे वसूल झाल्यावर उरलेल्याचे निम्मे निम्मे. जाहिरातीचा खर्चही वसुलीतच धरणार, पण किती करणार ते लिहिलेलं नाही. पुढच्या भागावर पहिला हक्क त्यांचा. आणि ‘गेम व त्यातील पात्रे’ कायमची त्यांच्या नावावर. घरी सगळे म्हणायला लागलेत, एवढी संधी आलीय, सही करून टाक. माझा हात धजत नाही.

अनगोळकर

खानापूरच्या अक्का, सही करू नका. स्वतः काढा. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने केला, कोट्यवधी प्रती खपल्या. प्रकाशक म्हणजे दलाल.

वडगावचा_पुण्यात

अनगोळकर, ‘स्टारड्यू’लाही सुरुवातीला प्रकाशक होता. २०१६ मध्ये चकलफिशने तो काढला. पावणेतीन वर्षांनी तो करणाऱ्या एरिक बॅरोनने बहुतेक ठिकाणचं प्रकाशन स्वतःकडे घेतलं. ते जमलं कारण हक्क त्याचे होते. सुरुवातीला हात धरायला कुणी असणं आणि पुढे हात सोडवून घेता येणं, दोन्ही पाहिजे.

खानापूरची, तुझ्या मसुद्यातलं गणित उघडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा प्रकाशकाने गेम करायला ६० लाख दिले. परतावे आणि कर वजा जाता गेमची १ कोटीची विक्री झाली. स्टीम ३० टक्के ठेवून घेतं, खाली आले ७० लाख. त्यातून ६० लाख वसूल, उरले १०, त्यातले निम्मे ५ लाख तुमचे. वाईट नाही, कारण ६० लाखांवर तुमची घरं चाललेली असतात. आता जाहिरातीचा खर्च ३० लाख झाला आणि तोही वसुलीत. म्हणजे ९० लाख वसूल व्हायचेत आणि आलेत ७०. तुमच्या हाती शून्य, वर २० लाखांची वसुली शिल्लक. पुढच्या वर्षी सवलतीत जे काही खपेल ते आधी तिकडे जाणार. जाहिरातीच्या खर्चाला कमाल रक्कम नाही, तर तुमचा हिस्सा कागदावर ५० टक्के आणि खिशात काहीच नाही.

स्टीमचा हिस्साही बघ. २०१८ पासून १ कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर तो २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर २० टक्के झाला. म्हणजे सवलत मोठ्यांना. आपल्यासाठी ३० धरूनच चालायचं.

हिंदवाडीकर, बेळगाव

खानापूरची, तुझा हात धजत नाही हे बरोबरच आहे. मालकीच्या कलमावर थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं तेच.

वर ‘डार्कसायडर्स’चा उल्लेख केला. तो गेम ऑस्टिनच्या व्हिजिल गेम्सने केलेला. व्हिजिल टीएचक्यूच्या मालकीचा, म्हणून गेमचे हक्कही टीएचक्यूचे. जानेवारी २०१३ च्या लिलावात स्टुडिओला कुणी बोलीच लावली नाही आणि तो बंद पडला. त्यांनी वर्षानुवर्षं रंगवलेली पात्रं मात्र काही महिन्यांनी विकली गेली. त्यातल्याच काही मंडळींनी पुढे गनफायर गेम्स काढली आणि २०१८ मध्ये ‘डार्कसायडर्स’चा तिसरा भाग बनवला, नव्या मालकाचं काम म्हणून. स्वतः जन्माला घातलेली पात्रं दुसऱ्याच्या परवानगीने रंगवावी लागली. मला ही गोष्ट वाचून फार लागलं होतं.

म्हणून ‘कायमचे नावावर’ हे कलम काढायला लावायचं. त्याऐवजी ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक यंत्रांसाठी प्रकाशनाचा परवाना द्यायचा. पाच-सात वर्षं ठीक आहेत. ‘प्रकाशक बुडाला तर हक्क परत’ असं कलम आहे म्हणून मालकी दिली तरी चालेल, असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नकोस. कंपनी दिवाळखोरीत गेली की कोणतं कलम टिकेल ते त्या देशाचं न्यायालय ठरवतं. जे तुझंच आहे, ते परत मागायची वेळ येत नाही.

पुढच्या भागावर पहिला हक्क म्हणजे नेमकं काय, ते त्यांच्याकडून लिहून घे. ‘आधी आमच्याशी बोला’ एवढंच असेल तर हरकत नाही. ‘दुसऱ्याने दिलेल्या भावात आम्ही घेऊ शकतो’ असं असेल तर दुसरा कुणी मनापासून बोलीच लावणार नाही. त्याला माहीत असतं, आपण भाव ठरवायचा आणि माल त्यांनी न्यायचा.

टप्प्याचं काम पाठवल्यावर त्यांनी किती दिवसांत पसंती-नापसंती कळवायची तेही लिहून घे, आणि त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर पसंत आहे असं धरायचं. छोट्या टीमा बहुतेकदा इथेच मोडतात. काम झालेलं असतं, तिकडचा माणूस सुट्टीवर असतो आणि इकडे भाडं थकतं. दर तिमाहीला हिशेब, आणि वर्षातून एकदा त्यांची वही तपासायचा हक्क. आणि शेवटचं, प्रकाशक कंपनी दुसऱ्या कुणाला विकली गेली तर करार पुढे चालवायचा की नाही, यात तुम्हाला मत असलं पाहिजे. गिअरबॉक्सचे मालक तीन-साडेतीन वर्षांत दोनदा बदलले. हंबल गेम्स या प्रकाशकाने जुलै २०२४ मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना काढलं, त्याच वर्षी सप्टेंबरात अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह या दुसऱ्या प्रकाशकाच्या सगळ्या टीमने राजीनामे दिले. ज्या माणसाने तुझा गेम निवडला, तो गेम येईपर्यंत तिथे असेलच असं नाही.

तुलनेसाठी एक उपयोगी गोष्ट आहे. रॉ फ्युरी या स्वीडिश प्रकाशकाने २०२१ मध्ये आपला कराराचा नमुना सगळ्यांसाठी खुला केला. तो शेजारी ठेव आणि एकेक ओळ ताडून बघ.

कॅम्प_एरिया

मोबाईलबद्दल कुणी बोलेना. आपल्याकडे दहातले नऊ जण मोबाईलवरच खेळतात की वो. तिथे प्रकाशकाचं धोरणच वेगळं.

पबजीचं उदाहरण घ्या. गेम कोरियाच्या क्राफ्टनचा, भारतात मोबाईल आवृत्तीचं प्रकाशन चीनच्या टेन्सेंटकडे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली. आठवडा व्हायच्या आत कोरियाच्या कंपनीने भारतातलं प्रकाशन टेन्सेंटकडून काढून स्वतःकडे घेतलं. पुढे जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने गेम परत आणला. जुलै २०२२ मध्ये तोही अडकला, मे २०२३ मध्ये परत आला. हे सगळं करता आलं कारण मूळ हक्क त्यांचे, टेन्सेंटला दिला होता तो परवाना. हिंदवाडीकर वर जे सांगतायत तेच एवढ्या मोठ्या पातळीवर घडलं.

आणि क्राफ्टन तेवढ्यावर थांबली नाही. एकाच गेमवर एका देशातला धंदा उभा असणं किती धोक्याचं, हे त्यांनी दोन बंद्यांतून बघितलं. २०२५ मध्ये त्यांनी ‘रिअल क्रिकेट’वाली पुण्याची नॉटिलस मोबाईल ताब्यात घेतली. इथल्या मातीतला खेळ, इथलीच टीम. परदेशी प्रकाशक म्हटलं की फक्त आपले गेम आणून विकणार असं नाही, इथले गेमही विकत घेणार.

निपाणीवाला

फुकटच्या गेममध्ये पैसा कुठून येतो ते पण सांगा.

कॅम्प_एरिया

जाहिराती, आणि गेमच्या आतली खरेदी. प्रकाशकाचं खरं गणित असं असतं : एक नवा खेळाडू जाहिरातीतून आणायला किती खर्च आला, आणि तो खेळाडू सोडून जाईपर्यंत किती कमावून देतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर पैसे ओतत राहायचं, नसेल तर गेम तिथेच मारायचा. काही प्रकाशक अर्धवट गेमची नुसती जाहिरात चालवून बघतात. लोक दाबतच नसतील तर गेम पूर्णच करत नाहीत. निर्दय आहे, पण पैसे कमी बुडतात. खानापूरच्या अक्काचा गेम या गणितात बसवू नका. तो विकत घेऊन शांतपणे खेळायचा प्रकार आहे.

येळ्ळूरचे_मास्तर

मंडळी, मी निवृत्त शिक्षक. दोन शंका आहेत. ऑनलाईन रमीत आमच्या गावातल्या घरांचं नुकसान झालेलं मी बघितलं आहे. ह्या मुलांचं काम त्याच पंगतीतलं समजायचं का? आणि या धंद्यासाठी आपल्या मुलांनी बेंगळुरू-पुण्यालाच गेलं पाहिजे का?

हिंदवाडीकर, बेळगाव

मास्तर, नमस्कार. नाही, ते वेगळं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आली. इतर गेम आणि ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यात प्रोत्साहनाची भाषा आहे. प्रकाशकांच्या धोरणातला धडा इथेही आहे. मुंबईची नझारा ही आपल्याकडची शेअर बाजारात नोंदलेली गेम कंपनी. क्रिकेटचे गेम, लहान मुलांचं ‘किडोपिया’, ई-स्पोर्ट्स असा पसारा तिने सांभाळून मांडला होता. पण पोकरबाझी हा पैसे लावून पत्ते खेळायचा ऑनलाईन खेळ चालवणाऱ्या कंपनीत तिने मोठा हिस्सा घेतला आणि कायदा आल्यावर नेमका तोच भाग अंगाशी आला. बाकीचा पसारा होता म्हणून कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी तिने इंग्लंडमधली कर्व्ह गेम्स ही प्रकाशक कंपनी घेतली, म्हणजे पुढचा मोहरा विकत घेऊन खेळायच्या गेमांकडे आहे असं मला दिसतं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर इथल्यापैकी कुणी परदेशात असेल तर त्याने द्यावं.

टिळकवाडी_ते_गोटेबोर्ग

मास्तर, मी देतो. तुमच्या शेजारच्याच शाळेत शिकलो, आता स्वीडनमधल्या गोटेबोर्गला असतो. इथून रेल्वेने तासाभरावर शव्हडे नावाचं गाव आहे. वस्ती बेळगावच्या पाच-दहा टक्केही नसेल. विद्यापीठात गेम बनवण्याचे अभ्यासक्रम आहेत आणि त्याला लागून नव्या कंपन्यांसाठी जागा. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये कॉफी स्टेन काढली. २०१४ मध्ये बकरीचा एक धम्माल गेम आला, ‘गोट सिम्युलेटर’, त्यावर कंपनी उभी राहिली. मग ते स्वतः प्रकाशक झाले. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी त्याच गावातल्या आयर्न गेटचा ‘व्हॅलहाईम’ काढला. टीम पाच जणांची, आणि महिनाभरात ५० लाख प्रती.

मला त्यांचं आवडतं ते हे, की गेम थोडे काढतात आणि सोडून देत नाहीत. ‘सॅटिसफॅक्टरी’ मार्च २०१९ मध्ये अर्धा तयार असतानाच विकायला काढला, खेळणाऱ्यांचं ऐकत पाच वर्षं सुधारला, सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण म्हणून जाहीर केला. तेवढी वर्षं तो विकला जातच होता. जाहिरातीवर फार उधळावं लागत नाही, कारण खेळणारेच दुसऱ्याला सांगतात. एम्ब्रेसरने २०१८ मध्ये यांना घेतलं तेव्हा किंमत साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास होती. २७५ कोटी युरोच्या खरेदीपुढे ती काहीच नाही. आणि तीन भाग करताना हे स्वतंत्र भाग म्हणून उभे राहिले.

बेळगावात व्हीटीयूचं मुख्यालय आहे, हार्डवेअर समजणारे उद्यमबागेत आहेत, चित्रं काढणारे गल्लोगल्ली आहेत. कर्नाटकाचं ॲनिमेशन आणि गेमिंगचं २०२४ ते २९ चं धोरणही आहे. माझ्या मते कमी आहे ती फक्त एकाच गावात चार-पाच टीमा एकमेकांच्या शेजारी बसण्याची. शव्हडेत ती आहे. एक टीम मोडली तर त्यातली माणसं समोरच्या इमारतीत कामाला लागतात, गाव सोडून जात नाहीत.

उद्यमबाग_फौंड्री

जागा पाहिजे असेल तर आमच्या शेडचा वरचा मजला रिकामा आहे. आवाज असतो, पण वटवाघळाच्या गेमवाल्यांना दुपारनंतर शांत मिळेल. भाडं नको, लाईट बिल भरा. खरंच सांगतोय.

खानापूरची

मामा, मी येऊन बघते. मनापासून आभार.

कालच सुधारित मसुदा पाठवला. जाहिरातीच्या खर्चाला कमाल रक्कम त्यांनी लगेच मान्य केली. टप्प्याच्या पसंतीला पंधरा दिवस, तेही मान्य. पुढच्या भागाबद्दल ‘आधी बोलू’ एवढ्यावर आलेत. मालकीचं कलम अजून लोंबकळतंय. त्यांचं म्हणणं, मालकी नसेल तर आगाऊ रक्कम कमी करू. आमच्या तिघांचं बोलणं झालं. रक्कम कमी घेऊ, गुहेचे दोन टप्पे कमी करू, पण वटवाघूळ द्यायचं नाही.

एक व्यवहाराचं विचारायचं राहिलं. आम्हीच स्टीमवर काढला तर अमेरिकेत कर कापतात म्हणे, तो किती?

हिंदवाडीकर, बेळगाव

योग्य केलंत. छोटा गेम करा, पण तुमचा करा.

कराचं असं. स्टीमवर खातं उघडताना ते कराची मुलाखत म्हणून एक फॉर्म भरून घेतात. एकट्याच्या नावावर असेल तर डब्ल्यू-८बेन, कंपनीच्या नावावर त्याचाच मोठा भाऊ. त्यात पॅन क्रमांक घालून भारत-अमेरिका कर कराराचा लाभ मागायचा. न मागितल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, मागितल्यास १५. तेही फक्त अमेरिकेतल्या खेळाडूंच्या विक्रीपुरतं. कापलेल्या कराचं श्रेय इथल्या विवरणपत्रात मिळतं, त्यासाठी ठरलेला फॉर्म वेळेत भरावा लागतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेची बँकेकडून पावती मागून ठेवा. जीएसटीची नोंदणी झाली की निर्यातीसाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला भरायचं, म्हणजे कर भरून परताव्याची वाट बघावी लागणार नाही. तिघांत भागीदारी आहे की कंपनी, ते सही करायच्या आधी ठरवा. गेमचे हक्क त्या नावावर लेखी करून घ्या, तिघांच्याही सह्या घेऊन. मालकीच्या कलमावर त्यांचं उत्तर आलं की नावं झाकून इथे टाक, वकिलाकडे जायच्या आधी एकदा एकत्र वाचून काढू.